घरबसल्या पीएच.डी. कुणाला विकली जाते?

‘ताई, सुट्टी न घेता, घरबसल्या मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. होते म्हणे. फी हप्त्यांनी भरता येते. करू का?’ गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या मांडवात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतसुद्धा विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक आपलेच असतात. घरातले पहिले पदवीधर, नोकरीला लागून पाच-सात वर्षं झालेले, एमबीए दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन केलेले. कुणी हैदराबादला, कुणी सुरतला, कुणी इंदूरला. डोक्यावर घराचा हप्ता आणि धाकट्या भावंडांची फी. मी स्वतः नोकरी सांभाळत मॅनेजमेंटमध्ये पीएच.डी. केली आणि आता शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

आधी सरळ उत्तर देते. भारतात ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने दिलेली पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोग मानत नाही. आयोगाच्या २०२० च्या ऑनलाइन व दूरशिक्षणाच्या नियमांत पीएच.डी. वगळलेली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग आणि एआयसीटीई यांनी एकत्र जाहीर सूचना काढली : एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात, त्यांना मान्यता नाही, जाहिरातींना भुलू नका. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२२ ला पीएच.डी.चे नवे नियम आले. त्यांतही ही दारं बंदच राहिली.

मग लोक फसतात कसे? विक्रेता खोटं कमी बोलतो आणि खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळतो. ऑनलाइन एमबीए मान्य आहे, हे खरं. आयोगाची परवानगी असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन एमबीए नियमित एमबीएच्या बरोबरीची धरली जाते, हेही खरं. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, हेही नियमांत लिहिलेलं आहे. अमेरिकेत आणि युरोपात काही ऑनलाइन डॉक्टरेट तिथल्या कायद्यानुसार चालतात, त्यांतल्या काही चांगल्याही असतात. या साऱ्या गोष्टी समोर ठेवून शेवटी हळूच म्हटलं जातं, म्हणजे ही पदवीही चालतेच. आणि ‘पीएच.डी.’ म्हणायला अडचण आली की ‘डीबीए’ म्हणतात. डीबीए ही कामाच्या अनुभवावर आधारलेली व्यावसायिक डॉक्टरेट आहे. खासगी कंपनीत कुणी तिला मान देईलही. पण ती घेऊन इथल्या कॉलेजात सहयोगी प्राध्यापक होऊ, असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा. तो देणार नाही.

याहून खालच्या थराचा एक धंदा आहे, मानद डॉक्टरेटचा. हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून फोटो, संध्याकाळी चौकात अभिनंदनाचा बॅनर. पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ ने ठरवलेलं आहे : कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. तो मोडला तर मूळ कायद्यातला दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. हॉलचं भाडं त्याहून जास्त असतं.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही वर्तमानपत्राच्या करिअर पुरवणीत मिळेल, आणि तिथे लेख ‘सावध राहा’ म्हणून संपतो. मला तिथे थांबायचं नाही. कारण ही पदवी विकत घेणाऱ्याला मूर्ख ठरवणं फार सोपं आहे, आणि आपल्यातलेच शिकलेले लोक ते आवडीने करतात. ‘शॉर्टकट हवा यांना,’ असं मी आपल्याच प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्या माणसाला ऑफिसात दहा वर्षं कामाऐवजी आडनावावरून जोखलं गेलं, त्याला नावाआधी ‘डॉ.’ का हवं असतं, हे ज्यांना कळत नाही त्यांनी आपला पगार कुठून येतो ते आठवावं. मान मिळवायची भूक खरी आहे, आणि बाजाराला ती आपल्या विद्यापीठांपेक्षा आधी कळली.

आता खरं दार बघा. शिष्यवृत्तीपासून सुरू करू. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप असो की महाराष्ट्रातल्या बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप, त्या पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी आहेत. महिन्याला ३७,००० रुपये ही जेआरएफची रक्कम ऐकायला बरी वाटते, पण ती वेळेवर येत नाही म्हणून आपली पोरं मुंबईच्या आझाद मैदानावर बसलेली आपण पाहिली आहेत. ज्याच्या पगारावर पाच माणसं जेवतात, तो नोकरी सोडून अशा रकमेची वाट पाहू शकत नाही. त्याच्यापुढे उरते अर्धवेळ पीएच.डी. आणि तिला फेलोशिप नाही.

अर्धवेळ पीएच.डी.साठी मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात काय लिहायचं तेही नियमाने ठरवलं आहे : कर्मचाऱ्याला अर्धवेळ शिकायची परवानगी आहे, त्याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला मोकळं केलं जाईल. कागदावर हे रास्त आहे. सरकारी बँकेतल्या कायम अधिकाऱ्याला ते मिळतंही. पण आपले किती जण कायम आहेत? कंत्राटदारामार्फत लागलेल्याला एनओसी कोण देणार, कंत्राटदार की ज्याच्या ऑफिसात तो बसतो तो? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. मी तेव्हा ज्या खासगी कार्यालयात होते, तिथे हा कागद अकरा महिने साहेबांच्या टेबलावर पडून होता. त्याच काळात दुसऱ्या एका सहकाऱ्याला तो आठवड्यात मिळाला. कारण विचारलं तेव्हा ‘तुमचं काम जास्त महत्त्वाचं आहे’ असं उत्तर मिळालं. पगारवाढीच्या वेळी मात्र ते महत्त्व कुठे दिसलं नाही.

मग प्रवेश परीक्षा. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायची सोय झाली. नेटमध्ये आता तीन गट आहेत : जेआरएफसह, सहायक प्राध्यापकपदासह, आणि फक्त पीएच.डी.साठी. पहिला गट सोडला तर उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि गुण टिकतात एकच वर्ष. त्या जूनची परीक्षा १८ तारखेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, हे तुम्हाला आठवत असेल. रजा टाकून, रात्रीचा प्रवास करून केंद्रावर पोचलेल्यांची रजा परत मिळाली नाही. मॅनेजमेंटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्याने ‘ऑर्गनायझेशनल बिहेविअर’ इंग्रजीतूनच गिळायचं. (काही विद्यापीठं अजून स्वतःची पेट घेतात. तिथलंही चित्र फार वेगळं नाही.)

मुलाखतीचे ३० टक्के हा वेगळाच विषय आहे. लेखीत वर असलेली मुलं तिथे खाली येतात, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि गुणपत्रक दाखवायला कुणी तयार नसतं. एका मुलाखतीत मला माझ्या संशोधन आराखड्यावर एक प्रश्न विचारला गेला आणि माझ्या गावावर, वडिलांच्या कामावर चार. ‘कोणत्या कोट्यातून?’ हा पाचवा.

आणि शेवटी गाइड. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. जागा मोजक्या असल्या की त्या ओळखीने भरतात. मॅनेजमेंट विभागात हे जास्त जाणवतं, कारण तिथे आपले शिक्षकच कमी. २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांत शिक्षक पदांच्या आरक्षणाचा कायदा झाला आणि काही महिन्यांतच वीस आयआयएमनी त्यातून सूट मागितली. अहमदाबादची आयआयएम १९६१ ची. तिथल्या पीएच.डी. प्रवेशात आरक्षण यायला २०२५ उजाडलं, तेही गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका गेल्यानंतर. देशाला मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थेला साठ वर्षांहून अधिक काळ आपल्याला संशोधक म्हणून आत घेता आलं नाही. त्या साठ वर्षांत गुणवत्तेवर तिथे किती व्याख्यानं झाली असतील!

असं दार असेल तर लोक खिडकीकडे वळणारच. तरीही मी प्रत्येकाला ‘नको’ म्हणते. डॉक्टरेटमध्ये एक गोष्ट असते ती हप्त्यांनी मिळत नाही : तुमच्याशी जाहीरपणे असहमत होणारा जाणकार माणूस. बाबासाहेबांची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे, आणि त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी आपले मतभेद स्वच्छ नोंदवले आहेत. ज्याच्या युक्तिवादाशी आपलं जमत नाही, त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना देणारा गुरू ज्याला मिळतो, त्याचा अभ्यास पक्का होतो. पैसे भरलेल्या ग्राहकाशी कोण वाद घालतं?

शिवाय आपल्याला हा विषय खरोखर अभ्यासायचा आहे. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवून दाखवलं की दलित नावाच्या अर्जाला बोलावणं कमी येतं. २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची जात तपासली गेली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्च जातींचे निघाले. हे मॅनेजमेंटचेच प्रश्न आहेत. महापालिकेच्या सफाईचं कंत्राट तीन हातांतून खाली येताना मजुरी कुठे गळते? मायक्रोफायनान्सच्या वसुलीत वस्तीतल्या बाईची पत कशी मोजली जाते? रेफरलने भरती करणाऱ्या कंपनीत कुणाचे मित्र पोचतात? हे ज्यांनी आतून पाहिलं ते आज त्याच कंपन्यांत टीम लीडर आणि ब्रँच मॅनेजर आहेत. त्यांचं ज्ञान एखाद्या पोर्टलवर सहा मॉड्यूल भरून वाया जावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून मागणी आपल्या बाजूने व्हायला हवी. अर्धवेळ संशोधकांसाठी फेलोशिप, निदान कोर्सवर्कच्या आणि क्षेत्रकामाच्या महिन्यांत बुडालेला पगार भरून काढणारी. कंत्राटी कर्मचाऱ्याला एनओसीऐवजी स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालावं. मुलाखतीचे गुण सदस्यनिहाय जाहीर व्हावेत. कोर्सवर्क शनिवार-रविवारी ठेवायला विद्यापीठांना काहीच अडचण नाही. एक्झिक्युटिव्ह वर्गांसाठी ते हे आनंदाने करतात, कारण ती फी मोठी असते.

ज्यांना याच वर्षी पाऊल टाकायचं आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. ५५ टक्क्यांची अट आहे, पण एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना पाच टक्क्यांची सूट मिळते. नोंदणीपासून किमान तीन वर्षं लागतात, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ताईंनो, ही रजा तुम्ही मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. वर्षा-दीड वर्षात पीएच.डी. देतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. कॉलेजात शिकवायचं एवढंच ध्येय असेल, तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट पुरेशी आहे. पीएच.डी. पुढच्या बढतीला लागते, तेव्हा घाई करू नका. कुठलंही विद्यापीठ निवडण्याआधी ‘शोधगंगा’वर जाऊन त्याचे मॅनेजमेंटचे प्रबंध उघडून वाचा. गाइड कोण, किती पानं, कसलं काम, सगळं तिथे दिसतं.

आणि जागांची जाहिरात आली की त्या विद्यापीठाला माहिती अधिकारात विचारा : मॅनेजमेंट विभागात एकूण किती गाइड, प्रत्येकाकडे किती संशोधक, किती जागा रिकाम्या, गेल्या पाच वर्षांत प्रवर्गनिहाय किती प्रवेश, मुलाखतीत कुणाला किती गुण. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. एकट्याने टाकायला धीर होत नसेल तर दहा जणांनी दहा विद्यापीठांना टाका.