बंबातला तराजू

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या मुरुडच्या घरात एक भांडण ठरलेले असे. मुरुड म्हणजे समुद्राकाठचे नव्हे, लातूरजवळचे, काळ्या मातीचे. वहिनी म्हणत, "भावजी, हा तांब्याचा बंब आता मोडीत काढा. लाकडे संपतात, पण पाणी तापत नाही." आणि आई म्हणे, "माझ्या सासूबाईंचा बंब आहे. मी असेपर्यंत हलायचा नाही."

गेल्या दिवाळीच्या आधी मी झाकण काढून आत पाहिले. मधल्या नळीवर पांढरे जाड कवच! धग आणि पाणी यांच्यामध्ये जणू भिंतच. दोष बंबाचा नव्हता, आमच्या आडाच्या पाण्याचा होता.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कर्बाम्ल वायू पोटात घेते. सोडावॉटरमध्ये फसफसतो तोच हा. त्याच्या जोरावर ते वाटेतली चुनखडी विरघळवते. पण त्याच वेळी उलटी क्रियाही चालू असते: वायू सुटतो, चुनखडी पुन्हा साक्यासारखी खाली बसते. दोन्हींचा वेग सारखा झाला, की तराजू समतोल.

१८८४ साली ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या तराजूचा स्वभाव सांगितला. एखादा पदार्थ काढून घ्या, तराजू तो भरून काढण्याकडे झुकतो; जादा घाला, तो खर्चून टाकण्याकडे झुकतो. बंब तापला, की वायू उडून जातो. त्याची भरपाई करायला पाणी आणखी वायू सोडते, आणि त्याबरोबर चुनखडीही. वायू पुन्हा उडतो. चुनखडी मात्र नळीला चिकटून राहते. वर्षानुवर्षे!

दुखणे ज्या नियमाचे, औषधही त्याच नियमाचे. मी किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणले आणि कोमट पाण्यात कालवून बंबात ओतले. आम्ल पाण्यातला कार्बोनेट खाऊन टाकते. ती तूट भरून काढायला कवच विरघळू लागते. आतून फसफस ऐकू आली, तेव्हा आई घाबरून म्हणाली, "अरे, भोक पाडशील त्याला!"

भोक पडले नाही. बंब तीनदा खळाळून धुतला. संध्याकाळी आईने त्याला हळदकुंकू लावून पाणी भरले. पहाटे निम्म्या लाकडांतच वाफ दिसली. वहिनी काही बोलल्या नाहीत. उटणे लावता लावता एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ते लिंबूसत्त्व मी आणीन."