कांद्याची मुळं एकदा धुऊन पाहा

मका काढायचा, रान तयार करायचं आणि त्यातच रांगडा किंवा उन्हाळ कांदा लावायचा, असं नाशिककडे तुमच्यापैकी पुष्कळजण करतात. लागण चांगली धरते. पुढे काही जागी पात शेंड्याकडून पिवळी पडते, वाढ थांबते. तुम्हाला वाटतं, पाणी कमी पडलं. तुम्ही पाणी देता, मग युरिया देता. पात काही सुधारत नाही.

युरियाची गोणी फोडण्याआधी एक काम करा. पिवळ्या जागेतली पाच-सहा रोपं आणि शेजारच्या हिरव्या जागेतली तेवढीच रोपं खुरप्याने खणून काढा. उपटू नका, मुळं तुटून मातीतच राहतात. बादलीतल्या पाण्यात हलकेच हलवून माती काढा आणि पांढऱ्या कपड्यावर शेजारी शेजारी ठेवा.

निरोगी मुळं पांढरी आणि ताठ असतात. रोगट मुळं फिकट गुलाबी दिसतात. जुनी झालेली लालसर-जांभळी होतात आणि वाळक्या दोऱ्यासारखी आक्रसतात. हा गुलाबी मुळांचा रोग. तो मातीतल्या बुरशीमुळे होतो. झाड नवं मूळ फोडतं, तेही गुलाबी होतं. सगळी ताकद मुळं फोडण्यात जाते. कांदा सडत नाही, पण पोसतही नाही. शेवटी हाती गोलटी येते, आणि गोलटीला काय भाव मिळतो ते तुम्हाला सांगायला नको.

कांद्याचं बूडच सडलेलं दिसलं, तर तो रोग वेगळा. त्याचा सल्ला वेगळा घ्या.

उभ्या पिकातला हा रोग पुरता बरा करणारं औषध नाही. महागड्या बाटलीवर पैसे घालू नका. पाणी वेळेवर द्या, पण साचू देऊ नका. जमिनीचं तापमान २४ ते २८ अंशांच्या आसपास असलं की ही बुरशी जोर धरते. म्हणून ऊन वाढू लागलं की पिकाला ताण बसू देऊ नका. तेवढ्याने थोडं पीक वाचतं.

खरं काम पुढच्या हंगामाचं आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. मका आणि गव्हाच्या मुळांवरही ती जगते. टोमॅटो, मिरची, सोयाबीनवरही जगते. म्हणून कांद्यानंतर मका आणि मक्यानंतर कांदा, ही या रोगापुरती फेरपालट नव्हेच. रोगट तुकड्यात तीन-चार वर्षं कांदा-लसूण घेऊ नका. जमीन थोडी असेल तर हे जड जातं, हे मान्य आहे. निदान रोगट जागेला खुणा करा आणि तेवढी तरी वगळा. तिथे काय पेरावं, हे मुळांचा नमुना घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथेही विचारता येईल.

रोपवाटिकेची काळजी मात्र प्रत्येकाला परवडते. एकरभर कांद्याला साधारण दोन गुंठ्यांचं रोप पुरतं. एप्रिल-मे महिन्यात ती जागा भिजवा. त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीत घट्ट दाबा. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आत माती तापते आणि वरच्या थरातली बुरशी बरीच मरते. प्लास्टिक काढल्यावर चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून टाका. गादीवाफे करूनच बी टाका. शेजारच्या रोगट रानातलं पाणी तिथे येऊ देऊ नका. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर दुसऱ्याच्या रानातून आला असेल, तर त्याला चिकटलेली माती बांधाबाहेर धुवायला लावा.

पावसाने रोप गेलं की आपण परगावाहून विकत आणतो. घाई असते, पैसेही जास्त मोजावे लागतात. तरी गाडी भरण्याआधी मूठभर रोप धुऊन मुळं बघा. गुलाबी दिसली तर घेऊ नका.

आणि तुमच्याच वाफ्यात ती सापडली, तर ते रोप शेजाऱ्याला देऊ नका. का देत नाही, ते त्याला स्पष्ट सांगा.