नदीने उघडलेले पान



पावसाळ्यानंतर वैनगंगेकाठच्या एका गावी सोयऱ्यांकडे जाणे झाले. अंगणात पाण्याच्या माठाखाली एक वीट दिसली. दीड फूट लांब, आजच्या दोन विटांएवढी. विचारले, तर सोयरे म्हणाले, "पुरात काठाची दरड ढासळली, भाऊजी. पोरांनी आणली. अशी पक्की वीट आता कुठे मिळते?"

वीट पक्की होती, यात शंका नाही. पण ती कोणत्या भिंतीची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीचे पाहा. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिले. मातीखालून दोन हजार वर्षांपेक्षा जुना विटांचा स्तूप निघाला. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे होती, त्यांत स्त्रियांचीही. राजाने नव्हे, तर साध्या माणसांनी आपल्या कमाईतून ते दगड दिले होते. एका दगडावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. पावसात भगवंतांवर फणा धरणारा तो हाच.

हे कळले कशामुळे? वस्तू जागच्या जागी होत्या म्हणून. मातीचे थर एकावर एक बसतात. खालचा थर जुना, वरचा नवा. वीट कोणत्या थरात, तिच्याजवळ कोणते खापर, कोणते नाणे, यावरून काळ ठरतो. वीट उचलली की साक्ष बुडाली.

समुद्रकाठीही हेच घडते. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर विटांचा स्तूप आहे आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जुनी खापरे सापडतात. लाट असो वा पूर, पाणी एका हाताने दाखवते आणि दुसऱ्या हाताने नेते.

म्हणून दरडीत वीट, खापर, कोरीव दगड दिसला, तर हात लावू नका. शेजारी एक नाणे ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या. जमिनीत सापडलेला जुना मौल्यवान ठेवा कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारकच आहे. ढासळत्या दरडीखाली मुलांना मात्र जाऊ देऊ नका.

आपला इतिहास कोणी लिहिला नाही, अशी आपली तक्रार असते. ती खरी आहे. पण जो लिहिलेला आहे, तो तरी माठाखाली जाऊ नये.