संघभावना वाढवणारा उपक्रम कसा निवडावा? (एका फसलेल्या शनिवारची गोष्ट)



प्रशिक्षणाला गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव असेल. जेवणानंतरचा तास सुरू होतो, डोळे मिटायला लागतात आणि मार्गदर्शक म्हणतात, "चला, सगळे उभे राहा, पावसाची टाळी घेऊ." एका बोटाची टाळी, दोन बोटांची, मग पाचही बोटांची. सभागृहात सर कोसळल्यासारखी वाटते, सगळे हसतात, झोप उडते. माझा त्याला विरोध नाही. झोप घालवायला पावसाची टाळी उत्तमच. पण त्या टाळीमुळे दोन रुसलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागली, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

हल्ली शाळा असो, बँक असो की सातपूर-अंबडमधला कारखाना, सगळीकडे 'टीम बिल्डिंग' हा शब्द ऐकू येतो. वरिष्ठ सांगतात, "कर्मचाऱ्यांसाठी काहीतरी उपक्रम घ्या." आणि तो घेण्याचं काम आपल्यापैकीच एखाद्याच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं. मी ते उत्साहानं केलं आणि सपशेल फसलो. म्हणून आज या विषयावर माझं मत मांडतो आहे.

आमची शाळा एकलहरे परिसरातली, दोन सत्रांत भरणारी. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. वर्ग तेच, बाकं तीच, कपाटं तीच. आता दोन सत्रांच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. "फळा पुसला नाही", "बाकं फिरवून ठेवली", "प्रयोगशाळेची चावी कुठे गेली?" दुपारचे म्हणणार सकाळचे बेफिकीर, सकाळचे म्हणणार दुपारचे तोऱ्यात. शिक्षक कक्षात सुद्धा दोन टोकांना दोन घोळके. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "सर, एखाद्या शनिवारी सगळ्यांना एकत्र आणणारं काहीतरी घ्या."

मी काय केलं, तर मोबाईल उघडला आणि खेळांची यादी उतरवून घेतली. तीन पायांची शर्यत, पायाला बांधलेले फुगे फोडणे, आणि डोळे मिटून मागे पडायचं नि सहकाऱ्यांनी झेलायचं, तो विश्वासाचा खेळ. कुणाला काय जमतं, कुणाला काय आवडतं, एकालाही विचारलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, गुडघेदुखीनं बेजार असलेल्या एक मॅडम होत्या. त्या "मी बसते" म्हणाल्या. कुणीतरी हात धरून ओढलं. एका सरांनी विनोद केला, हशा पिकला. फुगा फोडताना त्यांचा तोल गेला, पदर सावरत त्या खुर्चीवर टेकल्या, आणि नेमका तोच फोटो संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मॅडमनी पुढचा महिनाभर शिक्षक कक्षात डबा खाल्ला नाही. त्या वर्गातच बसायच्या.

आणि सोमवारी प्रयोगशाळेची चावी? सापडली नाहीच.

खेळ वाईट होते असं मी म्हणत नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं असती तर त्यांनी धमाल केली असती. चूक माझी होती. आमच्या गटात नेमकं काय अडलंय हे न बघता मी औषध आणलं. आमची माणसं एकमेकांना अनोळखी नव्हती, ओळख करून द्यायचे खेळ घेऊन उपयोग नव्हता. अविश्वास म्हणाल तर तोही नव्हता. अडत होतं दोन सत्रांमधल्या पंधरा मिनिटांत, सव्वाबारा ते साडेबारा. एका गटाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात जाताना ते मध्येच खाली पडत होतं.

हे मला कुणी दाखवलं? एका पालकांनी. आमच्याकडचे बरेच पालक 'थर्मल'मध्ये, म्हणजे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कामाला. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. रेल्वेने कोळसा येतो, त्याची भुकटी होते, बॉयलरमध्ये जळते, वाफेवर टर्बाइन फिरतं. कोळशाचा विभाग वेगळा, बॉयलरचा वेगळा, नियंत्रण कक्ष वेगळा, आणि चोवीस तास पाळ्यांमध्ये काम. पालकसभेनंतर चहा पिताना मी आमच्या सत्रांचं रडगाणं गात होतो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्यात चार्ज देत-घेत नाहीत का? आमच्याकडे बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. काय चालू, काय बंद, कुठला पंप कुरकुरतोय, सगळं वहीत लिहायचं आणि तोंडीही सांगायचं. नाहीतर पुढच्याला कळणार कसं?"

अहो, आपण शिक्षक माणसं. बदली झाली की चार्ज याद्या बनवतो, खिळ्यापर्यंत मोजून देतो. पण रोजच्या रोज तो द्यावा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मला त्या वेळी खो-खो आठवला. तुम्ही म्हणाल, शेवटी खेळावरच आलात! पण बघा. रस्सीखेच आणि खो-खो दोन्ही सांघिक खेळ, तरी दोन्हींतून माणूस वेगळं शिकतो. फ्रान्समधले कृषी अभियंते माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. त्यांचा अहवाल १९१३ साली छापून आला. माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण एकत्र ओढताना तर प्रत्येकाचा वाटा एकट्यानं लावलेल्या जोराच्या साधारण निम्म्यावर आला. गर्दीत आपला आळस लपतो. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी खुर्च्या लावताना हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

खो-खोत लपता येत नाही. पाठलाग करणारे नऊ जण. आठ जण चौकोनांत एकाआड एक विरुद्ध तोंडं करून बसलेले, एक धावणारा. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही, बसलेल्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. धावणारा कितीही चपळ असो, खो वेळेवर दिला नाही तर गडी निसटलाच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद मिळवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तर, आमच्या शाळेचं दुखणं खो देण्याचं होतं आणि मी खेळवत होतो फुगे.

म्हणून माझं म्हणणं असं, की उपक्रम निवडण्याआधी एक आठवडा नुसतं बघा. काम कुठे अडतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कधीच विचारलं जात नाही. नवीन शिक्षक रुजू झालेत आणि नावंही माहीत नाहीत? मग ओळखीचे खेळ जरूर घ्या, एकत्र डबा खा. माणसं परीक्षा, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरून थकलीत? मग त्यांना अर्धा दिवस घरी सोडा, तेवढं पुरे. सहल काढायची असेल तर सहल म्हणूनच काढा. गंगापूर धरणाकडे जा, भेळ-जिलेबी खा, पण परत आल्यावर भांडणं मिटतील अशी अपेक्षा नको. आणि रविवार तर घेऊच नका. घरी लहान लेकरू किंवा अंथरुणाला खिळलेले सासरे असलेल्या बाईसाठी रविवारचा 'आनंददायी उपक्रम' म्हणजे आणखी एक ड्युटी. हे पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

आणखी एक. गट म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. टॉम वुजेक यांचं २०१० सालचं एक भाषण गाजलं होतं. कडक शेवयांसारख्या वीस काड्या, दोरा, चिकटपट्टी यांचा मनोरा अठरा मिनिटांत उभारायचा आणि टोकावर एक मऊ गोड वडी ठेवायची. व्यवस्थापन शिकणाऱ्या पदवीधरांपेक्षा बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं उंच मनोरे रचत होती. आपल्याला ते माहीत असतं. मला जास्त भावला तो त्यांनी सांगितलेला दुसरा भाग. कंपन्यांच्या प्रमुखांच्या गटात त्यांचं कार्यालयीन काम पाहणारी सहायक व्यक्ती घातली की गटाचं काम बरंच सुधारत होतं. म्हणजे आपले भाऊसाहेब, शिपाईमामा, आहार शिजवणाऱ्या ताई. आपण त्यांना उपक्रमात चहा आणायला ठेवतो.

पुढच्या वेळी आम्ही खेळ घेतला नाही. शाळा रिकामी करण्याची सुरक्षा कवायत घेतली, तीही मुद्दाम सत्र बदलाच्या वेळी. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरली आणि ९४ मुलं गेली. त्यामुळे हे काम नाटकी वाटण्याचा प्रश्नच नव्हता. थर्मलमधल्या त्या पालकांना सल्ल्यासाठी बोलावलं. मॅडमची मी आधीच माफी मागितली होती. "फोटो काढला का ग्रुपवरून?" एवढंच त्यांनी विचारलं. काढला होता, पण तोवर तो किती फोनांत गेला कुणास ठाऊक. या वेळी सगळ्यांचे फोन कार्यालयात ठेवून घेतले.

घंटा झाली. मुलं मैदानावर आली. मॅडमना आम्ही झाडाखाली खुर्ची दिली आणि हजेरीचं काम दिलं. सगळे वर्ग जमले, टाळ्या वाजायच्या बेतात होत्या, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. सहावीचा एक कमी आहे." सकाळचे सर म्हणाले, तो दुपारच्यांकडे असेल. दुपारचे म्हणाले, अजून आमच्याकडे आलाच नाही. दोघंही बरोबर होते! पोरगं दप्तर ठेवून पाणी भरायला मागच्या नळावर गेलं होतं, तिथे घंटा ऐकूच जात नाही. मागच्या दाराची कडी अडकते हे फक्त शिपाईमामांना ठाऊक होतं. त्यांनी ते वर्षभरापूर्वी सांगितलेलं होतं, कुणी लक्ष दिलं नव्हतं.

त्या दिवशी कुणी हसलं नाही, पण सकाळ-दुपारची माणसं नळाजवळ उभी राहून अर्धा तास बोलली. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या दारात दोघं शिक्षक पाच मिनिटं भेटतात: पट किती, कोण आजारी, काय मोडलं, चावी कुणाकडे. एक दोनशे पानी वही केली आहे. सगळे रोज लिहितात असं नाही. दोघा-तिघांना अजून आठवण करावी लागते. मॅडम डबा पुन्हा शिक्षक कक्षात खातात, त्या मात्र खिडकीजवळच्या खुर्चीवर.

मागच्या नळाजवळ दुसरी घंटा बसवायची राहिली आहे. भाऊसाहेबांनी कोटेशन मागवलंय. तोवर घंटा झाली की मामांनी धावत जाऊन हाक मारायची, आणि मामा रजेवर असतील तर दुपारच्या सत्रात जे पहिल्यांदा येतील त्यांनी, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.