वर्गणीतून बेस गिटार घ्यायची असेल तर 'पी' घ्या, 'जे' नको

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस जो धुरळा उडालाय त्यात तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं इथे मांडतो.

जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. यंदा कमिटीने डीजेच्या खर्चाला कात्री लावली आणि त्यातले तीस हजार आपल्या पोरांच्या ऑर्केस्ट्रासाठी बाजूला काढले. सीजीएस कॉलनी, काणे नगर, प्रतीक्षा नगर अशी सगळीकडची मिळून दहा-बारा पोरं-पोरी आहेत. ऑक्टोपॅड आहे, कीबोर्ड आहे, ढोलकी आहे, दोन गिटारी आहेत, गाणारे तर हवे तेवढे. नाही ती बेस गिटार. ती घ्यायचं ठरलं, इथपर्यंत सगळे एकमताने. मग कोणीतरी विचारलं, 'पी बेस की जे बेस?' आणि तिथून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही.

आधी 'बेस कशाला, कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवतो की' म्हणणाऱ्यांना उत्तर. वाजवतो, मान्य. आपल्या कितीतरी बेंजो पार्ट्या त्यावरच चालल्या. पण त्या पोराचा डावा हात तिथे अडकला की तो कॉर्ड धरणार कधी? बेसवाल्याची खुर्ची काढून टाकायचे प्रयत्न जगभर झालेत. रोलँड कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाचं मशीन काढलं ते बेसवाल्याची जागा भरायला. त्या कामात ते सपशेल पडलं आणि 1984 पर्यंत बंदही झालं. गंमत म्हणजे त्याचा खरा उपयोग ज्यांना लवकर सापडला त्यात एक आपल्या मुंबईतलेच, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग. 1982 मध्ये त्यांनी त्यावर राग वाजवून अख्खी रेकॉर्ड काढली. पण ते मशीनला मशीन म्हणून वापरणं झालं. माणसाच्या बोटाला तो पर्याय नव्हता. पंचमदांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस धरून बसायचे ते उगाच नाही.

आता मूळ वादाकडे. दोन्ही गिटारी एकाच घरच्या, लिओ फेंडर या अमेरिकन माणसाच्या कारखान्यातल्या. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. तो टॅक्सीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि त्याच्या मानेवर पट्ट्या नाहीत म्हणजे सूर कानाने शोधायचा. फेंडरने पट्ट्या बसवल्या, म्हणजे फ्रेट. बोट ठेवलं की सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. आज आपण जिला 'पी' म्हणतो तिचं रूप 1957 मध्ये पक्कं झालं: मध्यभागी एकच पिकअप, दोन तुकड्यांत फोडलेला, आणि दोन नॉब. एक आवाजाचा, एक टोनचा. संपलं.

'जे' म्हणजे जॅझ बेस, 1960 ची. शरीर थोडं तिरकं, मान वरच्या टोकाला बारीक, पिकअप दोन आणि नेहमीच्या रूपात नॉब तीन. दोन पिकअपचे आवाज कमी-जास्त मिसळून हवा तो रंग काढायचा. मागचा पिकअप वाढवला की आवाज दात दाखवतो, गुरगुरतो. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की काचेसारखा स्वच्छ. स्लॅप वाजवायला लोक हीच उचलतात.

माझ्या घरी कपाटावर आहे ती जे आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी फोटो टाकेल. अठरा वर्षं लग्नं, हळदी, गणपती, नवरात्र, कंपन्यांची स्नेहसंमेलनं मी तिच्यावर केली आणि ती मी विकणार नाही. तरीही मंडळासाठी मी पी म्हणतोय. कारण ती गिटार एका माणसाची नसणार. ती मंडळाच्या खोलीत, लेझीम आणि सतरंज्यांच्या शेजारी राहणार, तिच्यावर तीन-चार जण शिकणार, आणि त्यातला एक बारावीला गेला की नवीन येणार.

सगळ्यात मोठं कारण वीज. हसू नका. जे बेसचे पिकअप साध्या एकेरी गुंडाळीचे असतात. अशी गुंडाळी आजूबाजूच्या वायरिंगची घरघर एरिअलसारखी पकडते. दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर असले की ते एकमेकांची घरघर मारतात, कारण एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या उलट असते. पण एक थोडा कमी केलात, आणि जे घ्यायची ती त्यासाठीच ना, की 'घूंऽऽ' सुरू. पी मध्ये ही उलट-सुलट गुंडाळी एकाच पिकअपच्या दोन तुकड्यांत आहे. दोन तारांखाली एक, दोन तारांखाली दुसरा. नॉब कुठेही फिरवा, ती गप्प राहते.

स्टुडिओत हा फरक किरकोळ. पण आपण वाजवणार कुठे? मांडवात. तिथे जनरेटर, एलईडीच्या माळा, डिमरवरचे पार लाइट, आणि स्टेजमागे एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेले सहा प्लग. जुन्या इमारतींत अर्थिंग आहे की नुसतंच तिसरं भोक आहे हे देवालाच ठाऊक. अशा ठिकाणी मी माझ्या जे चे दोन्ही पिकअप पूर्ण उघडून ठेवतो आणि नॉबला हात लावत नाही. म्हणजे जिच्या वैविध्याचे एवढे गोडवे चाललेत ते वैविध्य मांडवात वापरताच येत नाही. पोरांना हे पहिल्याच कार्यक्रमात कळेल आणि सगळा मांडव म्हणेल, 'गिटार खराब आली.'

दुसरी गोष्ट ऐकू येण्याची. जे चे दोन्ही पिकअप उघडे ठेवले की आवाजाचा मधला भाग थोडा बसतो. एकट्याने वाजवताना तो सुरेख वाटतो. पण शेजारी ढोलकी, ऑक्टोपॅडचा किक, कीबोर्ड आणि तीन गाणारे उभे राहिले की तो त्यांच्यात विरघळतो. पी चं वजन नेमकं खालच्या आणि मधल्या सुरांच्या सीमेवर असतं. ती घरात थोडी ओबडधोबड वाटते, पण समूहात आपली जागा धरून बसते. केरव्यात सा-प, सा-प असा साधा ठेका धरणाऱ्या नवशिक्या पोराला दुसरं काय हवं?

आणि इथे हा विषय नुसता गिटारीचा राहत नाही. डीजेचा खर्च कमी करा म्हणून आपण दोन वर्षं का भांडलो? कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे: ध्वनिप्रदूषण नियम 2000, राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, आणि सरकारने सूट दिलीच तर वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत. पण हे माप ज्या पद्धतीने घेतात तिला 'ए' वेटिंग म्हणतात, आणि ती पद्धत खर्जातले आवाज फार कमी धरते. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर साधारण 41 हर्ट्झचा. तेवढ्या खालच्या कंपनाला हे माप सुमारे 34 डेसिबल कमी मोजतं. म्हणून डीजेच्या रात्री मीटरवर आकडा त्या मानाने सौम्य दिसतो आणि तिसऱ्या मजल्यावर आजीच्या कपाटातली भांडी मात्र नाचत असतात. खर्ज भिंतीला जुमानत नाही. खिडकी लावून गाण्याचे शब्द अडतात, पण धडधड अडत नाही.

आता बेस गिटारसुद्धा खर्जच. वाट्टेल तेवढी वाढवली तर तीही भिंत हलवेल, पी असो वा जे. पण बेसवाल्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो काय करतो हे मी अठरा वर्षं बघितलंय. तो अ‍ॅम्प वाढवतो. मग कीबोर्डवाला वाढवतो. मग ढोलकीचा माइक. साडेनऊला सुरू झालेली ही चढाओढ दहाला हवालदार दारात आल्यावर संपते. जी गिटार कमी आवाजातही समूहात कळते ती वस्तीतल्या मांडवासाठी बरी, एवढाच माझा हिशोब.

'पण मोठे वादक तर जे वाजवतात' असं एकाने लिहिलंय. वाजवतात की. जॅको पास्टोरियसने 1962 च्या जे ला फ्रेट काढून अक्षरशः गायला लावलं, मार्कस मिलरची 1977 ची जे जगाला माहीत आहे. पण डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा माणूस बसायचा. त्याच्याकडे 1962 ची पी, तिच्यावर सपाट गुंडाळीच्या जाड तारा, ज्या तो बदलतच नसे, आणि वाजवायला मुख्यतः एकच बोट. साठच्या दशकातली निम्मी अमेरिका त्या बोटावर नाचली आणि रेकॉर्डवर त्याचं नाव छापायला 1971 उजाडलं. आपल्या मांडवातल्या बेसवाल्याची अवस्था याहून वेगळी नसते. निवेदक सगळ्यांची नावं घेतो, कोपऱ्यातला तेवढा राहतो.

आता दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं, ते मानेचं. जे ची मान वरच्या टोकाला साधारण 38 मिलिमीटर रुंद, जुन्या पद्धतीच्या पी ची 41 ते 44. वाचताना किरकोळ वाटतं, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे शिकायला नाव दिलेल्या चौघांत दोन मुली आहेत, हे ग्रुपवर 'भावांनो' करत वाद घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. मुलींना बेस झेपत नाही वगैरे कोणी बोलणार असेल तर त्याने आपल्याच मुंबईच्या मोहिनी डेला ऐकावं. लहानपणापासून वडिलांकडे शिकली आणि रहमानपर्यंत पोचली. तारेची लांबी दोन्ही प्रकारांत सारखीच, 34 इंच, त्यामुळे तिथे सुटका नाही. पण पी चं शरीर आणि बारीक मान अशी मॉडेलं स्वस्तातही मिळतात. दुकानात पट्टी घेऊन जा आणि मोजा. तशी मिळाली नाही आणि मुलींची बोटं पुरतच नसतील तर मी माझं सगळं वरचं म्हणणं गुंडाळून ठेवीन, खुशाल जे घ्या. घरघर सहन करता येईल. मनगट दुखून पोरीने शिकणं सोडलं तर गिटार घेऊन काय करायचं?

'मग दोन्हीचे पिकअप असलेली पीजे घेऊ' ही तडजोड सेक्रेटरींनी सुचवली आहे. वाईट नाही. फक्त मागच्या एकट्या पिकअपवर तीही बहुतेक वेळा घरघरते, आणि नॉब वाढले की फिरवणारे हातही वाढतात.

पैशाचं बोलायचं तर तीसचे तीस हजार गिटारवर घालू नका. अमेरिकेत बनलेली फेंडर लाखाच्या वर जाते, ती आपली नाहीच. त्याच कंपनीचा स्वस्त ब्रँड स्क्वायर, किंवा दुसरं कुठलं चांगलं नाव, आपल्या बजेटच्या साधारण निम्म्या-पाऊण भागात बसवा. उरलेल्यात छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प, जाड केबल दोन, ट्यूनर, रुंद पट्टा आणि बंद होणारी बॅग. पावसाळ्यात आपल्याकडची हवा लाकडाला सोडत नाही, मान वाकते. ती सरळ करायला आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तिची चावी कोणाच्या तरी एकाच्या ताब्यात द्या आणि बाकीच्यांनी हात लावायचा नाही. वाजवून झालं की तारा फडक्याने पुसायच्या, नाहीतर जुलैतच गंज चढेल. जेमरसन तारा बदलत नसे ते डेट्रॉइटमध्ये, अँटॉप हिलला नाही.

येत्या रविवारी अकरा वाजता मी आणि दोघे कमिटीवाले धोबीतलावला जातोय. जीटीबी नगरहून हार्बर, सीएसएमटीला उतरून चालत. त्या भागात फुर्टाडोज आहे, बाकीही दुकानं आहेत, तीन-चार ठिकाणी हातात घेऊन बघू. शिकणाऱ्या चौघांनी यायचंच, विशेषतः दोघी मुलींनी, कारण मोजायचे आहेत ते त्यांचे हात. ग्रुपवर वाद घालणाऱ्यांनीही यावं, पण तिकीट आपापलं काढायचं.