पाकीट फोडण्याआधी मतदारयादी वाचा

१९४०पर्यंत ऑस्करचा निकाल आजच्याइतका गुपित नसे. रात्री अकराच्या आधी छापायचा नाही, एवढ्या अटीवर तो वर्तमानपत्रांच्या हाती आधीच दिला जाई. त्या वर्षी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने संध्याकाळच्याच अंकात विजेते छापून टाकले आणि पुढच्या वर्षी बंद पाकिटे आली. आता पाकिटात कुणाचे नाव असेल हे सांगणारा एक मोठा व्यवसायच उभा राहिला आहे. त्यात समीक्षक आहेत, आकडेतज्ज्ञ आहेत, सट्टेबाज आहेत. यांतल्या अनेकांचे भाकीत फसते ते चित्रपट कळत नाही म्हणून नव्हे. ऑस्कर ही गुणवत्तेची परीक्षा नसून निवडणूक आहे, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. निवडणुकीचा अंदाज बांधायचा तर दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: मतदार कोण आणि मते मोजतात कशी.

मतदार म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सुमारे दहा हजार सदस्य. दिग्दर्शक, नट, संकलक, छायाचित्रणकार अशी सगळी चित्रपटधंद्यातलीच माणसे. यांतले बरेच जण आपापल्या व्यावसायिक संघटनांचेही सदस्य असतात आणि त्या संघटनांचे पुरस्कार ऑस्करच्या आधी जाहीर होतात. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून ज्याला निवडले, त्याला दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले नाही असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. याउलट गोल्डन ग्लोब. गाजावाजा मोठा, पण अनेक वर्षे तो देणारे होते हॉलिवूडमध्ये बसलेले जेमतेम नव्वद परदेशी पत्रकार, आणि अकादमीच्या मतदारयादीशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही ग्लोबचा निकाल लागला की ऑस्करचे चित्र स्पष्ट झाल्याच्या बातम्या येतात. दुसऱ्याच मतदारसंघाचा हा कौल आपल्या मतदारसंघाला कसा लावायचा?

मोजणीचा मुद्दा याहून रंजक आहे. बहुतेक गटांत ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, इतका सरळ हिशोब असतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे तसे नाही. २०१०च्या समारंभात नामांकने पाचावरून दहा झाली आणि पसंतीक्रमाची पद्धत आली. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी रात्रभर जागून पाहिली आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसली, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. अशा मोजणीत काहींना अतिशय आवडणारा आणि काहींना मुळीच न आवडणारा चित्रपट अडतो. बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला पुढे सरकतो. २०१६, २०१७, २०१९ आणि २०२२ या चारही वर्षी दिग्दर्शक संघटनेचा विजेता ऑस्करलाही दिग्दर्शनात जिंकला, पण सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र दुसराच ठरला: ‘स्पॉटलाइट’, ‘मूनलाइट’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’. २०१७ साली तर चौदा नामांकनांच्या ‘ला ला लँड’चे नाव चुकीच्या पाकिटामुळे मंचावर वाचलेही गेले होते. त्या गोंधळाचीच चर्चा झाली; वर्षभर ज्याची खात्री दिली जात होती तो चित्रपट हरला कसा, हा प्रश्न मागे पडला. म्हणून दिग्दर्शकाबद्दल ठामपणे बोलणाऱ्याने चित्रपटाबद्दल त्याच सुरात बोलू नये.

यावर कुणी म्हणेल की असले नियम मोडण्यासाठीच असतात. खरे आहे. संकलनाचे नामांकन नसलेला चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरत नाही, असे कित्येक वर्षे सांगितले जाई. ‘बर्डमॅन’ने ते खोटे ठरवले. ‘कोडा’ला तर दिग्दर्शनाचेही नामांकन नव्हते आणि संकलनाचेही. पण असले नियम मुळात योगायोगांच्या याद्या असतात, त्यांच्यामागे कारण नसते. संघटनांचा कौल उपयोगी पडतो तो मतदार तेच असतात म्हणून, आणि मतदार बदलले की त्याचीही धार कमी होते. २०१६मध्ये नटांच्या गटांतली सगळी नामांकने सलग दुसऱ्या वर्षी गोऱ्यांनाच मिळाल्यावर टीका झाली आणि अकादमीने मोठ्या संख्येने नवे सदस्य घेतले, त्यांत परदेशातले पुष्कळ. २०२०मध्ये निर्मात्यांची संघटना, दिग्दर्शकांची संघटना आणि बाफ्टा ही ब्रिटिश अकादमी तिघांनीही ‘१९१७’ला कौल दिला, आणि ऑस्कर मिळाले कोरियन ‘पॅरासाइट’ला. पुढच्या वर्षी नटांच्या संघटनेने दिवंगत चॅडविक बोसमनला निवडले होते. समारंभाचा क्रम बदलून अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला गेला आणि नाव निघाले अँथनी हॉपकिन्सचे, जे तिथे हजरही नव्हते. ब्रिटिश अकादमीने मात्र हॉपकिन्सनाच निवडले होते. मतदारयादी अमेरिकेबाहेर पसरत असताना तो इशारा वाचायला हवा होता.

भाकितेच मतदारांना ढकलतात, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळे चित्रपट न पाहिलेला सदस्य ज्याची चर्चा आहे त्याला मत देऊन मोकळा होतो, हे अगदी शक्य आहे. पण ते तपासायचे कसे? अकादमी मतांचे आकडे कधीच जाहीर करत नाही. पदवीधर मतदारसंघात प्रत्येक फेरीचे आकडे मिळतात, इथे फक्त विजेत्याचे नाव. ‘पॅरासाइट’ काठावर जिंकला की हजारभर मतांनी, हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे चुकलेल्या भाकितापासून शिकायलाही फारसे काही उरत नाही.

२०२६च्या समारंभापासून मात्र नवा नियम आला: गटातले सगळे चित्रपट पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत त्या गटात मत नाही. परदेशी चित्रपटांच्या गटात ही अट पूर्वी बरीच वर्षे होती आणि तिथे गाजलेली नावे वारंवार पडत. २००२मध्ये आपल्याकडे ‘लगान’ची, तर जगभर ‘अमेली’ची खात्री दिली जात होती, जिंकला बोस्नियाचा ‘नो मॅन्स लँड’. २००७मध्ये एकाच रात्री तीन ऑस्कर मिळवणारा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ या एका गटात मात्र हरला. सगळे पाहून मत देणारा मतदार गाजावाजाला कमी भुलतो, असे मानायला यातून जागा आहे. फक्त, अकादमीच्या व्यवस्थेबाहेर पाहिलेल्या चित्रपटांबद्दल सदस्याने स्वतःच अर्ज भरून सांगायचे आहे. तेव्हा संघटनांच्या याद्या इतक्यात रद्दीत घालण्याचे कारण नाही.