वाटेवर कुलूप, मुक्कामी उघडे दार

संगणकावरून बँकेचा व्यवहार करणाऱ्यास संकेतस्थळाच्या पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे दिसली की आपला मजकूर सुरक्षित आहे, असा दिलासा मिळतो. हा दिलासा खोटा नाही. पण तो अपुरा आहे.

ब्राउझरमध्ये लिहिलेला मजकूर तेथेच सांकेतिक रूप घेतो आणि सर्व्हरवर पोचल्यावर त्याची उकल होते. कधीही न भेटलेल्या दोन पक्षांनी उघड्या मार्गावरून समान गुपित किल्ली कशी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. आजच्या व्यवस्थेचा तो एक पाया होय. वाटेवरची चोरी तिने दुष्कर केली. प्रश्न आहे तो मुक्कामाचा.

२०१३ च्या ऑक्टोबरात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एडवर्ड स्नोडेन यांच्याकडील कागदपत्रांच्या आधारे या प्रश्नावर प्रकाश टाकला. गूगलच्या दारापर्यंत सांकेतिक रूपात येणारा मजकूर दाराशी उकलला जाई आणि पुढे कंपनीच्याच केंद्रांमध्ये उघडा फिरे. अमेरिकी व ब्रिटिश हेरसंस्थांनी नेमका तोच टप्पा गाठला. संकेत फोडण्याची त्यांना गरजच पडली नाही. गूगलने पुढे हे अंतर्गत मार्गही सांकेतिक केले.

यावर ब्राउझरमध्येच आणखी एक कुलूप घालावे, असे सुचविले जाते. परंतु ते कुलूप ज्या सर्व्हरकडून येते आणि त्याची किल्लीही ज्याच्या हाती असते, त्याच्यापासून ते रक्षण कसे करणार?

मुद्दा अखेर खर्चाच्या वाटणीचा आहे. बंदोबस्ताचा खर्च संस्थेचा आणि गळतीचा तोटा नागरिकाचा, अशी स्थिती असेल तर संस्था बंदोबस्तात काटकसर करणारच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हावयाची आहे. ज्याची माहिती गेली, त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही.

तेव्हा संस्थांनी गरजेपुरतीच माहिती घ्यावी, साठविलेली माहितीही सांकेतिक ठेवावी, किल्ली वेगळ्या हाती असावी आणि नुकसान झालेल्या नागरिकास भरपाई मिळावी, एवढी मागणी तरी जागरूक जनतेने लावून धरावयास हवी.